हवेची की पाण्याची

अर्जुनी मोरगाव,
दि. १९ जानेवारी २०१४

श्री. खेमराज यांस,

नमस्कार.

पत्राच्या आरंभी इकडील क्षेम कळवावे असा प्रघात आहे, तो पाळतो. धानाची मळणी उरकली. थंडी या वर्षी अंमळ जास्त आहे. तलावाचे पाणी उन्हाळी धानाला सोडणार की नाही, यावर चौकात रोज वाद होतात. एवढे क्षेम पुरे.

यापूर्वी मी तुम्हाला ‘चि. खेमराज, अनेक आशीर्वाद’ असे लिहीत आलो आणि एकेरी हाक मारीत आलो. लग्नात माझ्या मांडीवर बसून तुम्ही माझे बाशिंग ओढले होते, तेव्हापासूनची ती सवय होती. ती मी ऑक्टोबरमध्ये मोडली. आशीर्वाद देण्याजोगे माझ्यापाशी आता काही उरलेले नाही. उरले असते तरी ते तुमच्या वाट्याला आले नसते.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहितो. पत्र घरी पोचले तरी तुम्हाला चिंता नसावी. तुमच्या आईंना वाचता येत नाही, याचा उपयोग कसा करावा हे तुम्हाला शिकवावे लागत नाही.

आता कामाचे.

कुडव्यातील तुमच्या कारखान्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे, माझा एक भूखंड आहे. तो दुर्गाने हट्टाने घ्यायला लावला होता. निवृत्तीनंतर तेथे दोन खोल्या बांधाव्यात आणि सकाळी दार उघडले की समोर माहेरचे दार दिसावे, अशी तिची योजना होती. त्या भूखंडावर मी पत्र्याची शेड उभारीत आहे. तीत लाकूड कोरणारी संगणकावर चालणारी मशीन बसेल. अशी मशीन तुम्ही नागपूरला पाहिली असेल. टेबलावर फळी आडवी ठेवतात. वर रुळांवरून एक मोटर पुढेमागे, उजवीडावीकडे आणि खालीवर फिरते. तिच्या टोकाला पाते असते. संगणकात जे चित्र असेल तेच फळीवर उतरते. ज्या मोरासाठी तुमचा कारागीर छिन्नी घेऊन आठवडा बसतो, तो मोर ही मशीन जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपवते. आणि दुसरा मोर पहिल्यापेक्षा तसूभरही वेगळा निघत नाही.

नागझिऱ्याच्या रस्त्यावर ज्या रिसॉर्टची दारे तुम्ही करता, त्यांच्या व्यवस्थापकांना मी भेटून आलो. पुढच्या दारांचे काम तुम्हाला देण्यापूर्वी माझा नमुना पाहू, असे त्यांनी मान्य केले आहे. हे तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून मीच कळवीत आहे.

सांगाडा, रूळ, संगणक, सर्व ठरले. एकच वस्तू ठरावयाची आहे: पाते फिरवणारी ती मोटर, जिला या धंद्यात स्पिंडल म्हणतात. मी नोकरीभर विद्युत शाखेच्या मुलांना मोटरी शिकवल्या; मोटर मला कळते. लाकूड तुम्हाला कळते. म्हणून या बाबतीत मी तुमचा सल्ला मागत आहे. यात उपरोध नाही. ज्याच्यासमोर ती चालणार आहे त्याचे मत घेणे योग्यच होय.

तुमच्या कारागिरांच्या हातात असतो तसला साधा राउटर वर बांधला तरी काम भागते, असे विक्रेता म्हणाला. ते मी सोडून दिले. त्याचे कार्बन ब्रश झिजतात, तो तापतो, आणि मला ही मशीन दिवसभर व वर्षानुवर्षे चालवावयाची आहे. राहिल्या दोन. दोन्हींची शक्ती सारखी, दोन्ही मिनिटाला चोवीस हजार फेऱ्यांपर्यंत जातात. फरक आहे तो थंड ठेवण्याच्या पद्धतीत. एक हवेने थंड होते. तिच्या डोक्यावर तिचाच पंखा असतो. नळ्या नाहीत, पंप नाही, देखभाल नाही. दुसरी पाण्याने थंड होते. तिच्या अंगातून सतत पाणी खेळवावे लागते. पंप बंद पडला आणि लक्ष गेले नाही, तर गुंडाळी जळते. आपल्याकडच्या मे महिन्यात ते पाणीच आधी तापेल, हेही आहे.

मात्र पाण्याची स्पिंडल जवळजवळ मुकी असते. हवेची तशी नसते. विक्रेत्याने ती पूर्ण वेगावर चालवून दाखवली तेव्हा दुकानातील गिऱ्हाइके कानांवर हात ठेवून रस्त्यावर जाऊन उभी राहिली. तो आवाज रस्ता ओलांडतो. भिंत ओलांडतो. रंध्याजवळ आयुष्य काढून ज्यांचे कान मंदावले आहेत, त्यांनाही तो ऐकू जाईल.

माझा कल हवेच्या स्पिंडलकडे आहे. तांत्रिक कारणे वर दिली आहेत. एक कारण तांत्रिक नाही. तो आवाज सुरू झाला की आई तुमच्या ओसरीवर येतील. ओसरीवर आल्या की समोर मला पाहतील. मला एकट्याला पाहतील, आणि एक साधा प्रश्न विचारतील. त्या प्रश्नाचे खरे उत्तर तुम्ही त्यांना ऑक्टोबरपासून दिलेले नाही.

दुर्गाला आवाज सोसत नसे, हे खरे आहे. शेवटच्या दिवसांत तिला छताच्या पंख्याची घरघरही नकोशी झाली होती. मी पंखा बंद करून पुठ्ठ्याने वारा घालीत असे. परंतु तो मुद्दा येथे गैरलागू आहे.

आपले मत लवकर कळवावे.

आपला,
शालीकराम


कुडवा,
दि. १६ फेब्रुवारी २०१४

श्री. खेमराज यांस,

नमस्कार. मी येथे राहावयास आलो आहे, हे तुम्ही पाहतच आहात. खिडकी लावून घेतली तरी फटीतून पाहता, तेही मी पाहतो. शेडचे पत्रे चढले. वीजजोडणी झाली. प्रकृती चांगली आहे.

तुमचे मत पोचले. ते तुम्ही लिहिले नाही, सांगितले नाही. बायकोच्या, निर्मलेच्या, हाती धाडले. पत्रे ठोकणारी माणसे जेवायला गेल्यावर ती डोक्यावरून पदर घेऊन, रस्ता ओलांडून आली. हातात डबा होता. मी डबा घेतला नाही. ती तो पदराखाली धरून उभी राहिली आणि तुमचे मत तिने तुमच्याच शब्दांत सांगितले असावे:

“मशीन आनाची तं आना भाऊजी. धंदा बी न्या. पन मोटर पान्याची आना. आवाज झाला का आई बाहीर येते. बाहीर आली का विचारते. यायच्यानं सांगनं होत नाई, म्हून मले धाडलं.”

धंदा न्या. तुमच्या वडिलांनी उभा केलेला धंदा तुम्ही एका वाक्यात सोडून दिलात, पण आईसमोर बसून एक वाक्य बोलणे तुमच्याने होत नाही. तुमच्याविषयी माझे काही चुकीचे मत झाले असेल अशी शंका मला कधी कधी येत असे. ती निर्मलेने दूर केली.

मी तिला बसावयास सांगितले व विचारले. तिने सर्व सांगितले. तुमचे वडील वारले तेव्हा आईंनी अंथरूण धरले होते, डॉक्टरांनी धक्का बसेल असे काही सांगू नका म्हटले होते. म्हणून दुर्गा हैदराबादला रश्मीचे बाळ सांभाळायला गेली आहे, असे तुम्ही आईंना सांगितलेत. रश्मीला बाळ झाले हे खरे आहे. आजारामुळे दुर्गाला ते पाहता आले नाही, हेही खरे आहे. तुमचे खोटे तुम्ही माझ्या मुलीच्या खऱ्या बाळावर उभे केलेत. नातेवाइकांना भेटावयास येऊ नका म्हणून निरोप दिलेत. शेजाऱ्यांना बजावलेत. आणि आईंसमोर, त्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात, सगळे घर बोलू लागले.

त्या दिवसाविषयी तुमचे व माझे म्हणणे एक असावे, म्हणून लिहून ठेवतो.

दुर्गा सकाळी गेली. रश्मीला कळवण्यापूर्वी मी तुम्हाला फोन केला. लहानपणी जिने तुम्हाला कडेवर घेऊन कुडवा ते गोंदिया बाजार पायी केला, तिच्याविषयी पहिला निरोप तुम्हाला जावा, असे मला वाटले. तुम्ही म्हणालात, “आटपून घ्या भाऊजी. आमी येत नाई. आईले माहीत होईन.” मग फोन बंद झाला, तो आजतागायत बंद आहे.

नवऱ्याच्या आधी जाणारी बाई माहेरच्या साडीत जाते. आपल्या सुतारांच्या घरात ती साडी आल्याविना तिरडी उचलत नाहीत. तुम्ही येत नाही म्हणालात. साडी येणार नाही असे म्हणाला नव्हतात. म्हणून आम्ही वाट पाहिली. बायकांनी दुर्गाला न्हाऊ घातले, हळद लावली, आणि मग सगळ्या बसून राहिल्या. गोंदियाची गाडी येण्याची वेळ झाली तशी माणसे स्टेशनवर गेली. गाडी आली, उतारू उतरले, गाडी गेली. कोणी म्हणाले, बसच्या वाहकाजवळ दिली असेल. बस स्थानकावर जाऊन आले. ती वस्तू गोंदियाच्या बाजारात प्रत्येक दुकानात मिळते, खेमराज. वाहकाच्या हाती पिशवी द्यावयाला आईंना सांगावे लागत नव्हते.

ऊन कलले. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. तेव्हा आमच्या शेजारच्या सुशिलाबाई उठल्या. त्या बौद्ध आहेत. त्यांच्या घरांनी हे रिवाज केव्हाच सोडले. त्यांना कोणी काही विचारले नव्हते. त्या घरी गेल्या आणि एक कोरी साडी घेऊन आल्या. त्यांच्या भावाने पहिल्या पगाराची घेतलेली ती साडी त्यांनी कधी अंगाला लावली नव्हती. म्हणाल्या, “ही बी एका भावानंच देल्ली हाय. नेसवा तिले.”

तुमची बहीण दुसऱ्या कोणाच्या भावाने दिलेल्या साडीत गेली. हे वाक्य मी मुद्दाम वेगळे लिहिले आहे. ते तुम्हाला पाठ व्हावे.

निर्मलेला माहीत नाही ते एक सांगतो. दिवाळीच्या संध्याकाळी मी येथे आलो होतो. तुमची गचांडी धरावी, असा माझा हेतू होता. सभ्य शब्दांत दुसरे काही म्हणता येत नाही. रिक्षा कोपऱ्यावर सोडली आणि चालत आलो. तुमच्या घरावर रोषणाई होती. दारात रांगोळी होती. कोणी अनार लावीत होते. आईंना संशय येऊ नये म्हणून तुम्हाला दिवाळी करावी लागली असेल, हे आता समजते. त्या वेळी केवळ दिवे दिसले. बहीण जाऊन पुरता महिना झाला नव्हता. मी परत फिरलो. स्टेशनच्या बाकावर गाडीची वाट पाहत असताना या शेडची लांबी, रुंदी आणि दाराचे तोंड कोणत्या दिशेला असावे, हे मी ठरवले.

तेव्हा तुमच्या मताचा विचार केला. निर्णय असा: स्पिंडल हवेचीच येईल.

तुम्ही म्हणता, आईंना वाचवीत आहात. माझ्या समजुतीप्रमाणे तुम्ही फक्त त्यांच्यासमोर बसण्याच्या त्या एका वेळेपासून स्वतःला वाचवीत आहात. मोटर सुरू होईल, त्या बाहेर येतील, मला विचारतील. आणि तुम्ही ओसरीच्या खांबामागे उभे राहून ऐकाल.

शालीकराम


कुडवा,
दि. ९ मार्च २०१४

श्री. खेमराज यांस,

नमस्कार.

काल तुम्ही दारे घेऊन नागझिऱ्याकडे गेला होतात व निर्मला बाजारात होती, तेव्हा आई माझ्याकडे येऊन गेल्या. परतल्यावर निर्मलेला कळले असेल; तिने तुम्हाला सांगितले असेल किंवा भीतीने सांगितले नसेल. म्हणून सविस्तर लिहितो.

मी टेबलाची सपाटी तपासत होतो. काठीचा आवाज आला म्हणून वळलो, तर त्या शेडच्या दारात उभ्या होत्या. मी पाया पडलो. त्यांनी आशीर्वाद दिला नाही. आधी हिशेब मागितला.

“काऊन जवाई, आमच्या दारासमोर कारखाना टाकून राहिले, अन् चहाले बी नाई आले?”

कामाची घाई, असे काहीतरी मी म्हणालो. त्यांना ऐकू गेले नाही. दोनदा मोठ्याने सांगावे लागले. त्या सागाच्या फळ्यांच्या थप्पीवर बसल्या, पदराने मान पुसली आणि मशीनकडे पाहत राहिल्या. हे काय करते, असे विचारले. सांगितले. मोर? मोर. वेल? वेल. एका दिवसात? एका दिवसात. मग म्हणाल्या, “म्हंजे खेम्याच्या पोटावर पाय.”

मी होय म्हणालो.

त्या हसल्या. तुमच्या आईला हसताना मी फार वर्षांनी पाहिले. “बरं झालं. लई माजला हाय. आईसंगं दोन शब्द बोलत नाई. घरात समदे हळूहळू बोलतेत. मले वाटते, माह्याच मरनाचं बोलून राहिले.”

हे वाक्य मी तुमच्यासाठी जसेच्या तसे उतरवले आहे. त्यांना धक्का बसू नये म्हणून तुम्ही जे केलेत, त्याचा त्यांनी लावलेला अर्थ हा आहे. ऑक्टोबरपासून त्या रोज संध्याकाळी तुमच्या कुजबुजीत स्वतःची तिरडी बांधलेली ऐकतात.

मग त्यांनी विचारले, “दुर्गी कवा येते?”

या प्रश्नाचे उत्तर मी महिनोन्‌महिने तयार केले होते. ते वाक्य मी अनेक वेळा दुरुस्त केले होते. त्यात कठोर शब्द नव्हता, तुमचे नाव नव्हते, फक्त वस्तुस्थिती होती. ते बोलण्यासाठीच मी हे पत्रे उभे केले. ते वाक्य आले नाही. त्यांना वाटले की माझे उत्तर त्यांना ऐकू आले नाही. म्हणून त्यांनी दुसरे विचारले.

“भाऊबीजेची साडी भेटली ना तिले? हिरवी, लाल काठाची. मी खेम्याजवळ देल्ली होती. टपालानं धाडतो म्हने.”

मला त्या साडीविषयी काही माहीत नव्हते.

“भेटली,” मी म्हणालो.

“नेसली का?”

“नेसली.”

त्यांचे समाधान झाले. हिरवा रंग तिला लहानपणापासून शोभतो, असे त्या म्हणाल्या, आणि लगेच बांधकामाचे पाणी कोठून आणता ते विचारू लागल्या.

आता मला तुमच्याशी सरळ बोलावयाचे आहे. बहीण गेल्यावर भाऊबीज आली. आईंनी साडी तुमच्या हातात दिली. तुम्ही ती घेतलीत. नाही म्हणाला नाहीत, बसला नाहीत, सांगितले नाहीत. घडी काखेत मारून टपालात टाकण्यासाठी घराबाहेर पडलात. मग कोठे गेलात? ती साडी आज कोठे आहे? प्लायवुडच्या थप्पीमागे? निर्मलेच्या पेटीत? ज्या साडीसाठी आमची माणसे स्टेशनवर गाडी येऊन निघून जाईपर्यंत उभी राहिली, ती तिच्या मागे महिन्याने तुमच्या हातात येऊन पडली, आणि तुम्ही ती लपवलीत. मी तुम्हाला भ्याड समजत होतो. तो शब्द आता मला अपुरा वाटतो.

आणि तुमच्यामुळे मी आईंशी खोटे बोललो. आयुष्यात मी त्यांच्याशी कधी खोटे बोललो नव्हतो. या एका गोष्टीची क्षमा मी तुम्हाला करणार नाही.

जाताना त्या दारात थांबल्या व म्हणाल्या, “मशीन चालू झाली का बलावजा जवाई. येऊन बसत जाईन. लाकडाजवळ बरं वाटते. घरात तं कोनी बोलत नाई.” मी बोलावीन असे वचन दिले. हे वचन मी पाळणार आहे.

यावरून स्पिंडलच्या प्रश्नाचा मी फेरविचार केला. तुमच्या इच्छेप्रमाणे पाण्याने थंड होणारी स्पिंडल मागवली आहे. निर्मलेला सांगा, तिचा रस्ता ओलांडणे वाया गेले नाही.

तांत्रिक बाजू अशी: शक्ती तीच, वेग तोच. फिरण्यातील डुगडुग विक्रेत्याकडे मापून घेतली आहे. बारीक पात्याने अक्षरे कोरावयाची तर पाते किंचितही डगमगून चालत नाही. पाण्याचा प्रवाह थांबला तर मशीन आपोआप थांबेल, असा स्विच मी स्वतः बसवला आहे. उन्हाळ्यासाठी प्लास्टिकच्या बादलीऐवजी अर्जुनीहून दुर्गाचा रांजण आणला आहे. त्यातील पाणी मे महिन्यातही थंड राहते, हे सगळ्या घराला माहीत आहे. पंप त्यातच सोडला आहे.

परंतु खरे कारण निराळे आहे, आणि ते तुम्हाला कळवणे मी माझे कर्तव्य समजतो. हवेची स्पिंडल घेतली असती तर आई तिच्या आवाजाने बाहेर आल्या असत्या हे खरे. पण तिच्यापुढे त्यांना माझा एक शब्दही ऐकू आला नसता. मी ओरडलो असतो आणि त्यांनी मान हलवली असती. तुम्ही मागितलेली मोटर अशी आहे की तिच्याजवळ बसून माणसे बोलू शकतात. त्या रोज येणार आहेत. त्या माझ्या शेजारी, फळ्यांच्या थप्पीवर बसतील. मला आवाज चढवावा लागणार नाही. आवाज हे माझे हत्यार आहे असे मी समजत होतो. तुमची विनंती मानल्यावर कळले की तो तुमची आडोशाची भिंत झाला असता. ती भिंत मी काढून घेतली आहे.

पहिले काम ठरले आहे. तो मोर नाही. सागाची एक फळी मी वेगळी काढली आहे, तीवर कै. सौ. दुर्गा असे नाव, गावाचे नाव, आणि ती गेली तो दिवस कोरला जाईल. खोल अक्षरे निवडली आहेत. आईंना वाचता येत नाही. पण त्या सुताराच्या घरात जन्मल्या आणि सुताराच्या घरात आल्या. ताजे कोरलेले लाकूड समोर आले की त्यावरून बोट फिरवल्याशिवाय त्यांना राहवत नाही. भुसा फुंकतील. अक्षरांतून बोट नेतील. मग मला विचारतील, काय लिहिले जवाई? शेडमध्ये रांजणात पडणाऱ्या पाण्याच्या धारेपलीकडे आवाज नसेल. मी वाचून दाखवीन. दुसऱ्यांदा माझे वाक्य अडणार नाही, कारण ते लाकडात असेल.

स्पिंडल होळीनंतर, रंगाच्या दुसऱ्या दिवशी येथे पोचते. ती बसवून, सुताला सूत लावून मी दुपारी आईंना बोलवायला येईन. तुमच्या दाराची कडी वाजवीन.

तोपर्यंत वेळ तुमचा आहे. काय करावयाचे ते मी सांगतो, म्हणजे नंतर कळले नाही असे म्हणता येणार नाही. रश्मीलाही बोलावून घेतले आहे. ती बाळाला घेऊन होळीच्या आधी येथे पोचेल. आई कोसळल्या तर त्यांच्या मांडीवर ठेवायला काहीतरी असावे, एवढी काळजी मी घेतली. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना ओसरीवर बसवून घ्या. आईंसमोर बसा. त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोला. शेजाऱ्यांनी ऐकले तरी चालेल. ते सर्व तुमच्यासोबत गप्प बसलेले आहेत. आणि ती हिरवी साडी, घडी मोडली नसेल तर तशीच, मोडली असेल तर नवी, माझ्या शेडमध्ये आणून द्या. ती दुर्गाची राहिलेली नाही. ती अर्जुनीला जाईल. एका बाईने आपल्या भावाची साडी आमच्या दारात उलगडली. तिच्या पेटीतील ती जागा अजून रिकामी आहे. साडी घेऊन तुम्ही स्वतः जायचे. बसने. वाहकाच्या हाती द्यायची नाही. सुशिलाबाई तुम्हाला ओळखत नाहीत. कोण, असे विचारतील. काय सांगायचे ते वाटेत ठरवा.

नागझिऱ्याच्या दारांविषयी तुमची काही आशा असेल तर ती सोडावी. माझा नमुना त्यांना द्यावयाचा आहे आणि तो चांगलाच होईल. साडी आणलीत म्हणून त्यात फरक पडणार नाही. आईंना हसू आले म्हणून मला दया आलेली नाही.

तुम्ही आला नाहीत, तर कडी वाजेल.

सुशिलाबाईंच्या साडीचा ऋणी,
दुर्गाचा नवरा,
शालीकराम